म्युलरची मेजवानी

परवा सोसायटीच्या बाकावर एक पोरगा मला म्हणाला, ‘काका, तुमचा तो फुटबॉलवाला गेर्ड म्युलर शेवटी बायर्न म्युनिक क्लबच्या दुसऱ्या संघाचा असिस्टंट कोच? हेड कोचसुद्धा नाही?’ म्युलर माझा कधी झाला कोण जाणे, पण डोकं मात्र तापलं.

हिशेब एकदाच सांगतो. पश्चिम जर्मनीकडून ६२ सामन्यांत ६८ गोल, तिथल्या बुंडेसलिगा या लीगमध्ये ४२७ सामन्यांत ३६५. मग अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलला खेळला, पुढे दारूच्या पार आहारी गेला. उली हनेससारख्या जुन्या सोबत्यांनी उपचारांना धाडलं आणि बरा झाल्यावर क्लबातच काम दिलं. फिलिप लाम, थॉमस म्युलर याच दुसऱ्या संघातून वर गेले. पेनल्टी क्षेत्रात गोलकडे पाठ करून उभा असताना गर्रकन वळून चेंडू जाळ्यात घालणारा माणूस! त्याने पोरांना ते वळणं शिकवावं, की पत्रकार परिषदेत उत्तरं देत बसावं?

मिरवायची हौस त्याला नव्हतीच. ७ जुलै १९७४ ला म्युनिकमध्ये नेदरलँड्सला २-१ हरवून विश्वचषक जिंकला, विजयी गोल याचाच. रात्री मेजवानी. पदाधिकाऱ्यांच्या बायका ऐटीत आत, खेळाडूंच्या बायकांना मज्जाव! हनेसच्या बायकोला तर बसल्या जागेवरून उठवलं. खेळाडू भडकले. म्युलर त्यानंतर देशाकडून खेळला नाही. निवृत्तीचं त्याचं आधीच ठरलं होतं म्हणतात. असेल, पण त्या जेवणाने मन वळवायला मदत नक्कीच केली नाही.

अशा जेवणावळींवरचा माझा राग जुनाच आहे. गेल्याच महिन्यात एका सत्काराला गेलो. पत्रिकेवर ठळक अक्षरांत ‘सपत्नीक’. सत्कारमूर्ती व्यासपीठावर, त्यांची बायको पर्स मांडीवर घेऊन मागच्या रांगेत पंख्याखाली. पुढच्या सोफ्यांवर कोण? खजिनदारांच्या सौभाग्यवती, त्यांची बहीण, बहिणीची मुलं. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि जेवायची वेळ आली तेव्हा बाईंच्या ताटात बासुंदीऐवजी ‘संपली हो’ आलं. खजिनदारांचा भाचा दुसरी वाटी चाटत होता.

मंडळांनो, सत्कार कराल तेव्हा आधी त्या माणसाच्या घरच्यांना पुढच्या रांगेत बसवा. आणि बासुंदी मोजून करू नका.