म्हणे, सड्यावर काहीच नाही!

मंडळी, सड्यावर कोणी गुडघे टेकून, मोबाईल जमिनीला लावून बसलेला दिसला की आपला ठरलेला प्रश्न: "किड्यांचे फोटो काढून काय मिळणार?"

काय मिळणार ते सांगतो. सातबाऱ्यावर आपला कातळ 'पोटखराबा'. उद्या तिथे खाण किंवा प्रकल्प आला आणि "इथे काहीच नाही" म्हणाले, तर उलट दाखवायला आपल्याकडे काय आहे?

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती हवी, आणि लोक जैवविविधता नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. आपल्या गावची वही मागून बघा. आंबा, काजू, मोर, बिबट्या असतील. भुंगेऱ्यांचं एक तरी पान आहे का? जगात नोंद झालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी साधारण पाव हिस्सा भुंगेऱ्यांचा, जवळपास 4 लाख जाती!

आणि ते लांब नाहीत हो. पावसात कातळावरच्या डबक्यात पाणभुंगेरे. गुरांच्या शेणात ते शेण जमिनीत पुरणारे, फुकटात खत घालणारे शेणकिडे. रताळ्याच्या पानावर सोन्याच्या टिकलीसारखा चिमुकला कासव-भुंगेरा. हा मेला की सोनेरी झळाळी जाते, मळकट तपकिरी कवच उरतं. टाचणीला टोचून तो रंग टिकत नाही. त्याची नोंद जिवंतपणी काढलेल्या फोटोतच राहते.

"हे शास्त्रज्ञांचं काम," असं म्हणून हात झटकू नका. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आहे, पण तिथली माणसं प्रत्येक वाडीत कशी पोचणार? आपली कातळशिल्पं हौशी माणसांनीच सडे पालथे घालून शोधली ना? 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्याआधी कित्येकांना त्या नुसत्या रेघोट्याच वाटायच्या.

नुसत्या फोटोवरून प्रत्येक जात ओळखता येत नाही, हे मान्य. बऱ्याचदा तज्ज्ञाला नमुना भिंगाखाली बघावा लागतो. पण त्याने कुठे आणि कधी यायचं, हे तुमचा फोटो सांगतो. म्हणून फोटोसोबत तारीख, जागा, झाडाचं नाव लिहा, जमलं तर शेजारी मोजपट्टी ठेवा. उलटलेला दगड मात्र परत होता तसा ठेवा.

आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: नोंदवही कुठाय? त्यात आमची ही पानं कधी लावताय? इथे लाईक नाही केलंत तरी चालेल, तिथे तेवढं विचारा.