नुसत्या ताणानं भागत नाही

आषाढ संपत आला की गावातल्या बायकांना मंगळागौरीचे वेध लागतात. पूर्वी हे खेळ नव्या नवरीच्या घरी, पूजेनंतरच्या जागरणापुरते असायचे. आता गल्लोगल्ली ग्रुप झालेत, स्पर्धा होतात. पस्तिशीपासून साठीपर्यंतच्या बायका नऊवारी नेसून मंगल कार्यालयाच्या स्टेजवर अर्धा-पाऊण तास सलग झिम्मा, पिंगा, फुगड्या खेळतात. मग नवरात्रात दांडिया, मार्चमध्ये महिला दिनाच्या धावण्याच्या शर्यती आणि रस्सीखेच. खूप छान वाटतं हे बघून. एरवी स्वतःला खेळाडू कोण म्हणवून घेणार? पण आपण आहोतच की हौशी खेळाडू!

अडचण एवढीच, की दरवर्षी यातल्या काहीजणी लंगडत घरी जातात. कुणाच्या पोटरीत भर खेळात गोळा येतो, कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाच्या कमरेत उसण भरते. सरावाला शिकवणाऱ्या ताई त्यावर एकच उपाय सांगतात, "रोज स्ट्रेचिंग करा गं, मग काही होत नाही." स्नायूंना ताण द्यायचा, की गोळेही नाहीत आणि दुखापतही नाही. हे कितपत खरं आहे? मी काही डॉक्टर नाही. पण महिला मंडळाच्या कामात इतक्या जणींचे सुजलेले पाय पाहिलेत, की हा प्रश्न नीट समजून घ्यावासा वाटला. वाचलं, विचारलं, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ताण देणं चांगलं आहे, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवणं चुकीचं आहे.

आधी दुखापतीचं बघू. ऑस्ट्रेलियातल्या लष्करात नव्यानं भरती झालेल्या १५३८ जवानांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांच्या प्रशिक्षणात सगळ्यांनी व्यायामाआधी अंग गरम केलं. त्यातल्या साधारण निम्म्यांनी त्याबरोबर पायाच्या स्नायूंना ताणही दिला. ताण देणाऱ्या ७३५ जणांत पायाच्या १५८ दुखापती झाल्या, आणि न देणाऱ्या ८०३ जणांत १७५. शंभराचा हिशेब मांडला तर दोन्हीकडे २१-२२! म्हणजे नुसत्या ताणानं काही फरक पडला नाही. आता कुणी म्हणेल, ते तरुण जवान, आमचं त्यांच्याशी काय? बरोबर आहे. पण २०१४ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी २५ वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून २६,६१० जणांची माहिती तपासली, तेव्हाही हेच दिसलं. ताण देण्याचा दुखापती टाळायला उपयोग दिसला नाही. उपयोग दिसला तो ताकदीच्या व्यायामांचा. त्यांनी दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या.

आणि मुलींचंच उदाहरण हवं असेल तर नॉर्वेतलं आहे. फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या १८९२ मुलींवरचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काही संघांनी खेळाआधी साधारण २० मिनिटं हळू धावणं, पायांच्या ताकदीचे व्यायाम, तोल सांभाळणं आणि उडी मारून नीट खाली येणं याचा सराव केला. त्या संघांत एकूण दुखापती जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झाल्या. एका जागी उभं राहून पाय ताणत बसणं हा त्याचा गाभा नव्हताच.

हे वाचताना मला आपल्या आज्या-पणज्या आठवल्या. "आमच्या सासूबाई कुठं स्ट्रेचिंग करायच्या? तरी पहाटेपर्यंत फुगड्या घालायच्या," असं आपण म्हणतोच ना! खरंय ते. पण त्या दिवसातून कितीदा उकिडव्या बसत आणि उठत, ते आठवा. चूल जमिनीवर, धुणं विहिरीवर, दळण जात्यावर, पाणी डोक्यावर. बसफुगडीला लागणारी मांडीची ताकद त्यांना रोजच्या कामातून मिळत होती. आपला स्वयंपाक ओट्याशी, उभ्यानं. घरकामात आपण दमतो, यात शंकाच नाही. पण दमणं वेगळं आणि उड्या मारायची सवय असणं वेगळं. शरीर जे रोज करतं, त्याचीच त्याला तयारी असते. वर्षभर न केलेली बसफुगडी आठ दिवसांच्या सरावात करायला गेलं, की गुडघा, घोटा आणि टाचेवरची शीर यांच्यावर एकदम भार येतो. तिथं ताण दिलेला स्नायू तरी काय करणार?

आता गोळ्यांचं, म्हणजे कुणी त्याला पेटके म्हणतं, कुणी वांब. हे दोन प्रकारचे असतात. खेळताना येणारा गोळा बहुतेक वेळा दमलेल्या स्नायूत येतो. जितकी सवय कमी, तितका स्नायू लवकर दमतो. घामातून पाणी आणि मीठ जातं म्हणून गोळे येतात, असं आपण ऐकत आलो. पण दक्षिण आफ्रिकेत लांब पल्ल्याच्या धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गोळे आलेल्या आणि न आलेल्यांच्या क्षारांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याचा अर्थ पाणी नको असा मुळीच नाही. भर उकाड्यात पाणी हवंच. पण नुसत्या लिंबू-सरबतानं दमलेला स्नायू ताजा होत नाही.

एकदा गोळा आला, की मात्र ताण देण्यासारखा उपाय नाही. पाय सरळ करा, पावलाची बोटं हातानं हळूहळू आपल्याकडे ओढा आणि पोटरी सैल पडेपर्यंत धरून ठेवा. आमच्याकडच्या बायका हे न शिकवताही करतात, आणि ते अगदी योग्य आहे.

दुसरा प्रकार रात्री झोपेत येणाऱ्या गोळ्यांचा. हॉलंडमध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर झालेल्या अभ्यासात (२०१२) काहीजणांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरीला आणि मांडीच्या मागच्या स्नायूला ताण दिला. त्यांचे गोळे कमी झाले, कळही सौम्य झाली. २००५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात मात्र पोटरीच्या ताणाचा असा फायदा दिसला नव्हता. पण पैसा लागत नाही, अपाय नाही. मग रात्री भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून, अर्धा-अर्धा मिनिट करून बघायला काय हरकत आहे? अंग मोकळं वाटतं, वाकणं-वळणं सोपं होतं, हाही फायदाच. फक्त खेळाच्या अगदी आधी एकेक स्नायू मिनिट-मिनिटभर ताणून धरू नका. त्यानं थोडा वेळ त्याचा जोर कमी होतो.

मग करायचं काय? सोपं आहे. स्पर्धेच्या निदान आठ आठवडे आधी सुरुवात करायची. एक दिवसाआड वीस मिनिटं पुरतात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. एका पायावर उभं राहायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजतासुद्धा हे होतं. बसफुगडी पहिल्या आठवड्यात अगदी थोडी, मग आठवड्यागणिक वाढवत न्यायची. सलग दोन दिवस जोराचा सराव नको. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. खेळायला उतरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, गुडघे उचलणं, हात फिरवणं, हळू झिम्मा. अंगाला थोडा घाम आला की समजायचं, तयारी झाली.

पण सगळी जबाबदारी त्या बाईवरच का टाकायची? आयोजक मंडळींनाही दोन शब्द सांगायचे आहेत. कार्यक्रम चारचा, पाहुणे येणार सहाला. तोवर नटूनथटून बसलेल्या बायकांचं अंग पुन्हा थंड होतं आणि सत्कार-भाषणं उरकली की त्यांना एकदम स्टेजवर ढकलतात. कार्यालयात धड स्वच्छतागृह नसतं, म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. काहीजणींचा उपवास असतो. स्टेजवर चुण्या पडलेली सतरंजी आणि खाली गुळगुळीत फरशी. एवढं सगळं जमून आल्यावर पाय मुरगळला, तर दोष कुणाचा? वेळ पाळा, स्वच्छतागृह उघडं ठेवा, सतरंजी नीट ताणून चिकटवा. बक्षिसाची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल.

मुरगळलंच, तर लगेच चोळू नका आणि पहिले दोन दिवस गरम पाण्यानं शेकूही नका. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायला हवा. एकाच पायाला सूज आणि सतत दुखणं असेल, मधुमेह असेल किंवा रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असून वारंवार पेटके येत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.

हे सगळं इतकं पोटतिडकीनं सांगण्याचं कारण वेगळंच आहे. पुरुषाचा पाय क्रिकेट खेळताना मुरगळला, तर घरात त्याची विचारपूस होते. बाईचा मुरगळला, की "या वयात नाचायला कुणी सांगितलं होतं?" हे पहिलं वाक्य. स्वयंपाक कोण करणार, हे दुसरं. आणि पुढच्या वर्षी ती सरावाला येत नाही. घोटा तीन-चार आठवड्यांत बरा होतो, पण सुटलेला खेळ बहुधा सुटतोच. वर्षातून चार संध्याकाळी मोकळं हसायची, घामाघूम व्हायची जी जागा आपण मिळवली, ती एका लचकेपायी जाऊ द्यायची नाही.

म्हणून यंदा स्पर्धेचं पत्रक छापाल तेव्हा अंतिम तारखेबरोबर सराव कधी सुरू करायचा, ती तारीखही छापा, आणि ती दोन महिने आधीची असू द्या. ग्रुपमधल्या सगळ्यात थोरल्या काकूंना जमेल, तिथून सुरुवात करा. ताण द्या, जरूर द्या. पण त्याआधी पायांत ताकद येऊ द्या.