खालचे खाचर

आमच्या सासुरवाडीला, शहापूर तालुक्यात, भाताची पाच खाचरे आहेत. वरची चार अगदी सालस. ओढ्याकाठचे पाचवे मात्र पहिल्यापासून हट्टी. आषाढात भरलेले पाणी ते दसऱ्यापर्यंत सोडत नाही. त्यातला भात उशिरा पिकतो, आणि कापायला उतरावे तर पाय पोटरीपर्यंत रुततात.

गणपतीला गेलो तेव्हा मेहुण्याने हळूच विषय काढला. “दाजी, खालच्यात मुरूम टाकून सपाट करावं म्हणतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून गिऱ्हाइकं विचारत येतात. मुंबईवाल्यांना बंगल्याला जागा हवी.” मुंबईवाले म्हणजे आम्हीच, तेव्हा मी गप्प राहिलो. सातबाऱ्यावर तिन्ही भावंडांची नावे आहेत. मुरबाडला दिलेली मेव्हणी सहीला तयार होती. राहिली आमची सौ.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना घेऊन बांधावर गेलो. खालच्या खाचरावर चतुरांची जत्रा भरली होती. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडविण्याचे पाप वाचकांपैकी पुष्कळांनी केले असेल. मीही केले आहे. पण हा प्राणी येतो कोठून, हे मी कधी विचारले नाही. चिरंजीवांनी विचारले. त्यांच्या मामीने भाताच्या काडीला चिकटलेली एक पोकळ, मातकट कात काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. “ह्याच्यातून!”

मुंबईला परतल्यावर मी पुस्तके चाळली. चतुराचे पिल्लू पाण्यातच वाढते. दिसायला ओबडधोबड, स्वभावाने खादाड. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो; डासाची अळी टप्प्यात आली की तो झटकन पुढे येतो. श्वासासाठी ते मागच्या अंगाने पाणी आत घेते, आणि पळायचे झाले की तेच जोराने बाहेर सोडते. (ही माहिती चिरंजीवांनी भर पंगतीत सर्वांना ऐकविली.) पंख फुटले की हाच चतुर भातावरचे तुडतुडे आणि खोडकिड्याचे पतंग उडता उडता टिपतो.

पावसाळ्यात थव्याने दिसणाऱ्या पिवळट चतुराला पाण्यातले बालपण संपवायला सहासात आठवडे पुरतात. आवणीनंतर खाचरात पाणी राहते, तेवढाच हा काळ. पावसाने ओढ दिली की वरची खाचरे आटतात. खालचे आटत नाही. ऑक्टोबरात हेच चतुर मालदीव बेटांवर थव्यांनी उतरतात. तेथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे नोंदी ठेवून २००९ साली मांडले, की ते भारताकडून येतात आणि वाऱ्याच्या आधाराने पुढे पूर्व आफ्रिका गाठतात. त्यांत एखादा आमच्या शहापूरचा नसेल कशावरून?

युरोपात तर उलटी गंमत चालली आहे. तेथे ‘पीट’ नावाची, शतकानुशतके साठलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींची काळी दलदल असते. शेतीसाठी चर खणून ती सुकविली. मग जमीन खचू लागली आणि तिच्यातला कार्बन हवेत जाऊ लागला. आता जर्मनीत नि हॉलंडात काही ठिकाणी तेच चर बुजवून जमीन पुन्हा ओली करतात आणि तीत बोरू, पाणकणीस पिकवितात. पाण्यामागून चतुरही येतात. आमच्याकडे पीट नाही. पण ओली जमीन फुकट मिळाली आहे, आणि आम्ही मुरूम शोधतो आहोत.

नुसते पाणी असूनही भागत नाही म्हणा. जपानच्या भातशेतीतले तांबडे चतुर १९९० नंतरच्या वर्षांत झपाट्याने घटले, आणि रोपांना देण्याच्या नव्या कीटकनाशकांवर तेथील अभ्यासकांनी बोट ठेवले.

हे सगळे मी मेहुण्याला फोनवर ऐकविले. तो शांतपणे म्हणाला, “खरं आहे, दाजी. पण पोरीची कॉलेजची फी चतुर भरणार आहेत का?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सौ.ने फोन हातात घेतला. फीचा निम्मा भार आपण उचलू, खालचा तांदूळ आपल्याकडेच पाठव, आणि सही मी करणार नाही, असे तीन वाक्यांत सांगून तिने फोन ठेवला. मुरबाडची मेव्हणी त्यावर रागावली आहे; यंदा भाऊबिजेला येते की नाही, पाहायचे.

परवा मेहुण्याचा निरोप आला. वरची चार कापून झाली, खालचे अजून ओले आहे. मुरुमाची गाडी सांगितलेली नाही. सांगणारच नाही, असे मात्र तो म्हणाला नाही.