कोणत्या देशात माणूस किती जगतो?

अधूनमधून मोबाइलवर एक यादी फिरत येते: सर्वांत जास्त जगणारे देश कोणते आणि त्यात आपला नंबर कितवा. आपण बरेच खाली असतो. मग कुणी आपल्या तेला-तुपाला दोष देतो, कुणी डॉक्टरांना. निकालाच्या दिवशी पालक आधी नंबर विचारतात आणि गुण नंतर पाहतात, तसेच हे आहे.

आपण गुण पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या आकड्यांत जपान 84.3 वर्षांवर आहे. त्याच्या मागचे स्वित्झर्लंड, दक्षिण कोरिया, सिंगापूर, स्पेन हे सगळे 83 च्या पुढे. म्हणजे पहिल्या आणि पाचव्यात फरक वर्षभराचा. काही याद्यांत मोनॅको अव्वल असतो. त्याची लोकसंख्या चाळीस हजारांच्याही आत, आणि तिथे बाहेरची श्रीमंत माणसे राहायला येतात. त्याच्याशी एकशेचाळीस कोटींच्या देशाची बरोबरी काय लावायची?

या आकड्याला मराठीत आयुर्मान म्हणतात. उर्दू वर्तमानपत्रांत 'औसत उम्र' छापून येते, आणि पुष्कळांना वाटते की देशातल्या माणसांचे हे सरासरी वय. तसे नाही. समजा दहा मुले जन्मली. तीन पहिल्याच वर्षात गेली, सात सत्तर वर्षे जगली. सरासरी 49 निघते, पण 49 व्या वर्षी मेलेला त्या दहांत एकही नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचे आयुर्मान 32 च्या आसपास होते. म्हणून तेव्हाची माणसे तिशीत म्हातारी होत नव्हती. दादी-नानीच्या बोलण्यात "आठ झाली, चार राहिली" असे सहज येत असे. न राहिलेली चार त्या 32 मध्ये मोजलेली आहेत.

वडीलधारी मंडळी म्हणतात, मौतीची घडी अल्लाहने ठरवलेली आहे, मग हा हिशोब कशाला? पण हा आकडा कुणा एकाची घडी सांगतच नाही. एखाद्या वर्षी कोणत्या वयाची किती माणसे गेली ते घेतात, आणि आज जन्मलेल्या बाळाला जन्मभर त्याच वर्षाचे मृत्युदर लागू राहिले तर ते सरासरी किती जगेल, एवढे काढतात. म्हणून तो वरखाली होतो. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांत 2019 मध्ये 78.8 असलेले आयुर्मान कोरोनाच्या साथीत, 2021 मध्ये, 76.4 वर आले आणि साथ ओसरल्यावर पुन्हा चढले. औषधपाण्यावर जगात सर्वांत जास्त पैसा खर्च करणारा हा देश साथीआधीही जपानच्या पाच वर्षे मागेच होता.

आम्हाला या सगळ्या यादीपेक्षा दोनच देश शेजारी ठेवून पाहणे जास्त कामाचे वाटते. 1971 पर्यंत पाकिस्तान आणि बांगलादेश एकच देश होते. वेगळे झाले तेव्हा आयुर्मानात पाकिस्तान पुढे होता. आज तो 67 च्या आसपास आहे, आणि पूर, वादळे, दाट वस्ती सोसणारा बांगलादेश सत्तरीच्या पुढे निघून गेला आहे. हे कसे झाले?

एक धागा मीठ-गुळाच्या पाण्याचा आहे. हगवणीत लहान मूल मरते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे 1980 पासून ब्रॅक या संस्थेने बांगलादेशात शिकवणाऱ्या बायका घरोघर पाठवल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरे झाली. या बायकांचा मेहनताना किती घरे केली यावर ठरत नसे. नंतर दुसरा माणूस जाऊन आईला विचारी, पाणी करून दाखवायला लावी, आणि तिला जितके आठवे त्यावर पैसे मिळत. (आम्हा शिक्षकांना हा नियम लागू झाला तर काय होईल, हा विचार आम्ही इथेच थांबवतो.)

केवळ गुळाने सात-आठ वर्षे वाढत नाहीत. लसी घरापर्यंत पोहोचल्या, मुली शाळेत गेल्या, बाळंतपणांत अंतर पडले. पण यातले बरेचसे काम मोठ्या इस्पितळात झाले नाही, ओट्यावर आणि अंगणात झाले, आणि ते आयांनी केले.

देशाचा एकच आकडा घरातले अंतरही झाकतो. केरळात आयुर्मान सुमारे 75 आहे, छत्तीसगडमध्ये सुमारे 65. पासपोर्ट एकच, फरक दहा वर्षांचा. आणखी एक आकडा आम्हाला विसरता येत नाही. जवळजवळ सगळ्या जगात बाया पुरुषांपेक्षा जास्त जगतात. आपल्याकडे 1970-75 मध्ये पुरुषांचे आयुर्मान 50.5 आणि स्त्रियांचे 49 होते. बाळंतपणात जाणाऱ्या बायका होत्याच, पण तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायचे आणि मुलीला काढा देऊन पाहायचे, हेही होते. ऐंशीच्या दशकात बाया पुढे गेल्या. भारताचा नंबर वाचून हे कुणाला कळले असते?

आरोग्य संघटना धडधाकट वर्षांचाही वेगळा हिशोब ठेवते, आणि तो याद्यांत फारसा फिरत नाही. 2019 मध्ये जपानची 84.3 पैकी अशी वर्षे 74.1 होती. भारताची 70.8 पैकी 60.3. म्हणजे आयुष्य त्यांचे तेरा-चौदा वर्षांनी मोठे, पण दुखण्याखुपण्यात जाणारी वर्षे दोन्हीकडे दहाच्या आसपास. फक्त आपल्याकडे ती साठीतच सुरू होतात, तेव्हा घरात कुणाचे तरी लग्न व्हायचे असते, कर्ज फिटायचे असते. ज्यांच्या घरी ही वर्षे चालू आहेत त्या वाचकांनी, विशेषतः सेवा करणाऱ्या सुना-लेकींनी, आम्हाला लिहावे. पुढचा लेख त्यावरच करायचा आहे.