फॉरमॅट मारण्याआधी...

"अरे, फॉरमॅट मार आणि मोकळा हो!" कॉम्प्युटर बिघडला की होस्टेलवर फुकट मिळणारा हा सल्ला. मित्रांनो, इंजिनिअर होऊ घातलेल्या माणसाला तो शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला घरी होतो. (विदर्भातलं अकोला नव्हे, प्रवरेकाठचं अकोले!) घरच्या पीसीवर लिनक्स. नवं कर्नल टाकलं, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळीकुट्ट! धाकटी बहीण रडवेली. "दादा, माझा प्रोजेक्ट गेला का रे?" फॉरमॅट मारला असता तर खरंच गेला असता.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं. अक्षरं उमटली! म्हणजे मशीन जिवंत होतं. आधी तिची फाईल पेनड्राइव्हवर घेतली. मग 'एलएसपीसीआय -के' दिली. ग्राफिक्स कार्ड दिसलं, पण त्यापुढे ड्रायव्हरचं नावच नाही. 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये फक्त जुनं कर्नल. कंपनीचा बंद ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो, म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधावा लागतो. त्याला हेडर फाईल्स लागतात, आणि जागा वाचवायला त्या मीच उडवल्या होत्या! मोबाईलच्या नेटवरून हेडर टाकले, ड्रायव्हर बांधला गेला, डेस्कटॉप परत आला.

चूक माझीच. पण एक प्रश्न उरतोच, ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर का? आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री मिळाली. घरचं बी पुन्हा पेरता येतं, शेजाऱ्याला देता येतं. खुल्या ड्रायव्हरचंही तसंच. तो कर्नलसोबतच येतो, कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. एएमडीने २००७ मध्ये कार्डांची माहिती खुली करायचं जाहीर केलं. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी लोकांनी स्वतः शोधून लिहिलेला 'नूवो' २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. खुद्द कंपनीने मे २०२२ मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तोही नव्या कार्डांपुरताच.

बंद ड्रायव्हर कधीकधी जास्त वेगाने चालतो, हे मान्य. गेमिंगवाल्यांनी खुशाल वापरावा. पण कार्ड घेताना नुसती मेमरी किती हे न विचारता 'ड्रायव्हर खुला आहे का?' हेही विचारा. आणि स्क्रीन काळी झाली तर आधी लॉग वाचा. फॉरमॅट काय, कधीही मारता येतो!

बघा, पटतंय का!