केसांपलीकडचे तेज

भांग पाडताना एखाद्या दिवशी बोटांना रुपयाएवढी गुळगुळीत जागा लागते. वेदना नाही, खाज नाही. केवळ तेथील केस नाहीसे झालेले असतात. मराठीत या विकारास ‘चाई’ म्हणतात, तर आयुर्वेदात तो ‘इंद्रलुप्त’ या नावाने ओळखला जातो. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती केसांच्या मुळांनाच परके समजून त्यांच्यावर हल्ला करते, आणि केस गळतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही, त्याने जिवास धोका नसतो, आणि तो रुग्णाच्या कोणत्याही हयगयीचे फळ नव्हे. मुळे सहसा जिवंत राहतात. त्यामुळे अनेकांचे केस पुन्हा उगवतात. काहींचे मात्र पुन्हा जातात.

शरीराला फारसे न दुखवणारा हा विकार मनाला मात्र खोल जखम करतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा तरुण गिऱ्हाइकाची नजर टाळू लागतो. उपवर कन्येला तर लग्नकार्यास न्यायचे की नाही, यावर घरात कुजबुज सुरू होते. ‘बाहेर कळू देऊ नका’ हे वाक्य मायेपोटीच उच्चारलेले असते. पण ऐकणारीला त्यातून आपण लपवण्याजोगे झालो, एवढेच कळते.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील सदस्या अयाना प्रेस्ली यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २०१९ च्या अखेरीस काही आठवड्यांतच त्यांचे सारे केस गेले. राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगाच्या मतदानाच्या आदल्या रात्री उरलेसुरलेही गळाले. दुसऱ्या दिवशी त्या केसांचा टोप घालून सभागृहात गेल्या. जानेवारी २०२० मध्ये मात्र त्यांनी एका चित्रफितीतून आपले केशहीन मस्तक जगाला दाखवले. तेथवर पोहोचण्यापूर्वी लाज आणि शोक त्यांनीही अनुभवला होता. आत्मविश्वास म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे, हेच यातून दिसते.

जैन समाजाला केशरहित मस्तक अपरिचित नाही. साधू-साध्वी केशलोच करतात. दिगंबर परंपरेत तो मुनींच्या २८ मूलगुणांपैकी एक आहे. परंतु केशलोच हा स्वेच्छेने केलेला त्याग, तर चाई ही न मागता आलेली हानी. म्हणून साध्वींचा दाखला देऊन रुग्णाचे अश्रू थांबवू पाहणे योग्य नव्हे. तो दाखला पाहणाऱ्यांनी स्वतःस द्यावा. ज्या डोळ्यांना एका मस्तकावर तेज दिसते, त्यांनाच दुसऱ्या मस्तकात वैगुण्य दिसत असेल, तर दोष दृष्टीचा आहे.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. ऐकीव लेप डोक्यावर चोळण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला वेळीच घ्यावा. तीव्र चाईसाठी आता नवी औषधेही उपलब्ध आहेत. ती केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. टोप घालावा, ओढणी घ्यावी की मस्तक मोकळे ठेवावे, हा निर्णय त्या व्यक्तीचाच असावा. विवाहाची बोलणी पुढे जाण्यापूर्वी मुलीच्या संमतीने हे मोकळेपणाने सांगावे. पेढीची पत खऱ्या शब्दावर टिकते. संसाराचीही तशीच टिकते. जे स्थळ एवढे ऐकून मागे फिरेल, ते लग्नानंतरच्या पहिल्या आजारपणात कितपत साथ देईल, याचा विचार आईवडिलांनीच करावा.