वही पुढे करा

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांच्या आईबापांनो, आज रात्रीच एक दोनशे पानी वही काढा. पहिल्या पानावर ठळक लिहा: मुलाचं नाव, रक्तगट, आजार. आणि खाली, ‘लोहाचं औषध देऊ नये.’

ही शेवटची ओळ माझ्या वहीत उशिरा आली. कोलकात्याच्या बागबाजारात आम्ही नवे होतो, लेक पाच वर्षांची. मी कामावर असताना तिला ताप भरला. शेजारच्या माशीमा (मावशी) मायेने तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. पोर फिकी दिसली म्हणून तिथे टॉनिक दिलं. संध्याकाळी बाटलीवरचं लेबल वाचलं आणि माझे हात कापायला लागले. लोहाचं टॉनिक! दर तीन आठवड्यांनी हिला रक्त चढतं, हे माशीमांना कुठून ठाऊक असणार?

रक्ताच्या एका पूर्ण पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींत साचतं. म्हणून या मुलांना रक्तविकाराचे डॉक्टर लागतात, हृदयाचे लागतात, वाढ खुंटली तर हार्मोनचेही. प्रत्येकाची ओपीडी वेगळ्या वारी, केसपेपर वेगळा. मुंबई महापालिकेने बोरिवलीत अशा मुलांसाठी स्वतंत्र केंद्र उभारलं, तशी सोय गावोगावी नाही. म्हणून एका डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘बाकीच्यांचे कागद एकत्र तुम्ही बघाल ना?’ संकोच करू नका. तो तुमच्या लेकराचा हक्क आहे.

आमच्या घराजवळ बोसपाडा लेन आहे, भगिनी निवेदिता तिथे राहत. 1899 च्या प्लेगात डॉ. राधागोविंद कर सकाळी बागबाजारच्या वस्तीतला एक आजारी मुलगा तपासून दुपारी घरी परतले, तर निवेदिता दारात त्यांची वाट बघत बसलेल्या. त्या मुलाची काय व्यवस्था आहे, हे विचारायला आल्या होत्या. दुपारनंतर डॉक्टर पुन्हा वस्तीत गेले, तेव्हा मूल निवेदितांच्या मांडीवर होतं. ते वाचलं नाही. कालव्यापलीकडचं मोठं रुग्णालय आज याच डॉक्टरांच्या नावाने आहे. रक्ताच्या दिवशी त्या गल्लीवरून जाताना मला दारातली ती वाट बघणारी बाई आठवते. डॉक्टरांना गाठून विचारणारं कुणीतरी प्रत्येक मुलामागे हवं, आणि बहुतेक घरांत ते आपणच असतो.

वहीत दर खेपेला तारीख, वजन, रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन आणि, तपासलं असेल तेव्हा, साचलेलं लोह दाखवणारं फेरिटिन लिहा. लोह बाहेर काढणारी केलफरची गोळी चालू असेल तर तेही पहिल्या पानावर हवं. त्या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम उतरू शकतात, म्हणून ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना कळवा. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आजीच्या, शाळेतल्या बाईंच्या, शेजाऱ्यांच्या मोबाइलवर ठेवा.

आमच्या माशीमांकडे तो फोटो आहे. लेक आता तेरा वर्षांची. गेल्या खेपेला खाटेवर बसून तिने स्वतःच लिहिलं: हिमोग्लोबिन 9.4, वजन 31.